चांदणी आणि टिंब यांच्यामधली जागा

दिवाळी सरत आली की कारेगावच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसायला लागतात. मागं जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर रचलेला घराएवढा ऊस, ड्रायव्हरच्या डोक्याशी बांधलेला कर्णा आणि त्यातून रस्ताभर सांडत जाणारी गाणी. आमच्या कंपनीची बस त्यांच्यामागं अडकते. बसमधली माणसं चुळबुळतात, कुणी ड्रायव्हरला हॉर्न द्यायला सांगतं. मी खिडकीची काच सरकवते. तोडलेल्या उसाचा ओला, हिरवट, गोडसर वास आत येतो आणि माझ्या तोंडाची चव जाते.

या वासानं लोकांना गुऱ्हाळ आठवतं, मामाचं गाव आठवतं. मला आठवतो एक काळा पडदा, त्यावर हिरव्या रंगात उभं असलेलं डॉलरचं चिन्ह आणि त्याच्यापुढं लुकलुकणारी बारकी चौकट.

ते डॉलरचं चिन्ह म्हणजे युनिक्सचं शेल. माणसानं हुकूम टाईप करायचा आणि शेलनं तो वाचून मशीनकडून काम करून घ्यायचं, एवढंच. चित्रं नाहीत, माऊस नाही. जे लिहाल ते होणार. ‘तुम्हाला नक्की हेच करायचंय का’ असं ते विचारत नाही. तेव्हा मला हा त्याचा फार मोठा गुण वाटायचा. माणसं इतकं काही विचारत बसतात, पोरगी एकटी कशी राहणार, रात्रपाळी आहे का, घरी कोण कोण आहे. शेल काही विचारत नव्हतं. बरोबर लिहिलं की काम करायचं, चुकलं की तोंडावर सांगायचं. मला वाटायचं, जगानं असंच असायला हवं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शिरूरची, नसीम. अब्बांचं बाजारपेठेत शिलाईचं दुकान. पुण्यात खालाकडं, अम्मीच्या बहिणीकडं राहून मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मला नोकरी लागली. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगून आता काही होणार नाही. नेमणूक हंगामापुरती होती. काम बघून कायम करू, असं तोंडी सांगितलं होतं.

त्या वर्षी पहिल्यांदाच उसाचं वजन कॉम्प्युटरवर आलं होतं. मुख्य मशीन ऑफिसच्या इमारतीत, काचेच्या खोलीत. तिथून वायरी निघून काट्यांपर्यंत गेलेल्या. काटा म्हणजे जमिनीत बसवलेला वजनकाटा. त्यावर ट्रॅक्टर उभा राहायचा, केबिनमधला क्लार्क वजन टाईप करायचा, पावती निघायची. आम्ही चपला बाहेर काढून काचेच्या खोलीत बसायचो. आत एसीची थंडी, बाहेर मळीचा उग्र वास आणि चिमणीतून उडून येणारी काजळी. संध्याकाळी ओढणी झटकली की काळे कण पडायचे. आणि सगळ्याच्या खाली कारखान्याची घरघर. ती इतकी अखंड असायची की दोन दिवसांनी ऐकू यायची बंद व्हायची. मग नुसती पायांच्या तळव्यांना कळायची.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सुनंदा बसायची. खुटबावची. पहिल्याच आठवड्यात तिनं मला जेवायला म्हणून घरी नेलं आणि ठेवूनच घेतलं. शिरूरहून रोज ये-जा जमणारी नव्हती, आणि कारखान्याच्या आसपास एकट्या मुलीला खोली कुणी देत नव्हतं. सुनंदाचे वडील, आप्पा, ऊस आणि शेवंती करायचे. ओसरीवर शेवंतीच्या पाट्या भरून ठेवलेल्या असायच्या. त्या थंडीत फुलांचा तो कडवट वास घरभर असायचा, आमच्या गोधड्यांनाही यायचा.

रमजान त्या वर्षी ऐन थंडीत आला होता. सुनंदाची आई, मी त्यांना मावशी म्हणायची, माझ्यासाठी पहाटे चूल पेटवायच्या. मला संकोच वाटायचा. एकदा मी म्हटलं, मावशी, मी रातचंच काहीतरी खाऊन घेत जाईन, तुम्ही उठू नका.

“तुज्यासाठी कोण उठतंय,” त्या म्हणाल्या. “मला फुलं तोडाया जायचंच आस्तंय.”

त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि त्यावर लोणी ठेवलं. ते लोणी अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. मला ते नकोय. पण आठवणीतलं नको तेवढं काढून टाकणारा हुकूम कुणी लिहिलेला नाही.

संध्याकाळी रोजा सोडायची वेळ मी कामात विसरायची. सुनंदा विसरायची नाही. कीबोर्डच्या कडेला दोन खजूर आणि पाण्याचा पेला ठेवायची आणि मला खुर्चीवरून उठवून माझं टर्मिनल स्वतः सांभाळायची. मी भिंतीकडं तोंड करून खजूर खायची. मागं तिची बोटं चालू असायची.

पहिले दिवस नुसते अडचणींचे गेले. काट्यावरचा क्लार्क फोन करून ओरडायचा, मशीन मेलं. मी पळत जायची. केबिनमध्ये धूर, बिडीचा वास, बाहेर ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या. मशीन मेलेलं नसायचं. मोठा एस काढायला गेलेल्या क्लार्कनं शिफ्टऐवजी कंट्रोलचं बटण दाबलेलं असायचं. कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की पडदा थिजतो. आत सगळं चालू असतं, बाहेर काही दिसत नाही. मी कंट्रोल आणि क्यू दाबायची, आणि क्लार्कनं रागारागानं बडवलेली सगळी अक्षरं एकदम पडद्यावर धो-धो कोसळायची. तो ओशाळून हसायचा आणि माझ्यासाठी चहा मागवायचा. माझा रोजा आहे हे त्याच्या कधी लक्षात राहायचं नाही.

कुणी कॅपिटलचं बटण चालू ठेवून नाव टाकायचं. मग मशीनची समजूत व्हायची की या टर्मिनलला लहान अक्षरं माहीतच नाहीत, आणि ते प्रत्येक उत्तर मोठ्या अक्षरांत द्यायचं. “मशीन चिडलंया,” सुनंदा म्हणायची. कुणी अवतरण चिन्ह उघडायचं आणि मिटायचं विसरायचं. मग डॉलरच्या जागी एक बाण यायचा आणि शेल पुढच्या अक्षरांची वाट बघत बसायचं. माणूस म्हणायचा, हे काही करत नाही. ते करत नसायचं कारण तुमचं बोलणं संपलंय असं त्याला वाटत नसायचं. मी हे सगळं सुनंदाला समजावून सांगायची. ती चटकन शिकायची. काही दिवसांत काट्यावर तीही पळायला लागली.

मग विश्वास आला. कारखान्याच्या उपाध्यक्षांचा जावई. मुंबईला डिप्लोमा केला होता असं म्हणत. त्याला आमच्या विभागात सहायक अधिकारी नेमलं. मला वाटलं होतं, तोऱ्यात वागेल. तसं काही झालं नाही. तो मनमोकळा होता, सगळ्यांशी हसून बोलायचा, सासरच्या बागेतले पेरू आणून टेबलावर ठेवायचा. त्यानं घरच्या कॉम्प्युटरवर लिहून फ्लॉपीतून आणलेला एक छोटा प्रोग्राम आमच्या मशीनवर चालेना. यादीत त्याचं नाव दिसत होतं, पण चालवला की शेल म्हणायचं, सापडत नाही. घरच्या मशीनवर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर बसतं. शेलला ते खपत नाही. मी ती अक्षरं काढून दिली. विश्वासनं सगळ्यांदेखत आभार मानले. तो वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. वाईट माणसाचा राग करून माणूस मोकळा होतो.

आमचे मॅनेजर गायकवाड सर. हिशेब खात्यात आयुष्य गेलेला, निवृत्तीला आलेला माणूस. सगळ्यांना एकाच नावानं आणि एकाच पासवर्डनं मशीनवर सोडायचं, हे त्यांनीच ठरवलं होतं. मी त्यांना म्हटलं होतं, सर, प्रत्येकाला वेगळं नाव द्या, म्हणजे कुणी काय केलं ते कळेल. ते म्हणाले, हंगाम उरकू दे, मग निवांत बघू. आमचं शेलही जुन्या धाटणीचं होतं. दिलेले हुकूम ते लक्षात ठेवत नव्हतं. झालं ते झालं.

त्या दिवशी सकाळी मशीननं तक्रार केली, डिस्क भरली. तात्पुरत्या फायली साठून साठून जागा संपली होती. अशा फायलींच्या नावाच्या शेवटी टिंब आणि टीएमपी अशी अक्षरं असत. त्या काढायचा हुकूम साधा. आरएम म्हणजे काढून टाक. पुढं एक चांदणी, तिला चिकटून टिंब, त्याला चिकटून टीएमपी. चांदणीचा अर्थ ‘काहीही’. म्हणजे, ज्याच्या शेवटी टीएमपी आहे असं काहीही काढून टाक. मी ते करायला बसणार तेवढ्यात खालच्या काट्यावरून फोन आला, पडदा थिजलाय. मी उठले. विश्वास शेजारी उभा होता. म्हणाला, तुम्ही जा, मी फायली काढतो. माझ्याच खुर्चीवर बसला. सुनंदा शेजारच्या खुर्चीवर होती.

मी परत आले तेव्हा तो पडद्याकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर अजून हसूच होतं, फक्त कुठं ठेवावं ते कळत नसल्यासारखं. मी फायलींची यादी मागितली. शेलनं पुढच्या ओळीवर नुसता डॉलर दाखवला. यादी रिकामी होती. सकाळपासूनची सगळी वजनं, आवारात उभ्या असलेल्या वाहनांचे नंबर, सगळं गेलं होतं.

काय हुकूम दिलात, मी विचारलं. त्यानं मला परत टाईप करून दाखवला, एन्टर न दाबता. चांदणी आणि टिंब यांच्यामध्ये त्यानं एक जागा सोडली होती. कागदावर लिहिताना दोन शब्दांत सोडतो तशी, सुबक. शेलनं ती दोन वेगवेगळी कामं मानली. आधी चांदणी, म्हणजे जे काही आहे ते सगळं काढून टाक. मग टीएमपी. तोवर काढायला काही उरलंच नव्हतं.

सुनंदानं ते बघितलं. तिनं माझ्या दंडाला धरलं आणि हळूच म्हणाली, “सोडून ठेवलीय की गं जागा.”

आदल्या संध्याकाळी सगळ्या फायलींची नक्कल काढून ठेवलेली टेप होती. त्यावरून जुनं सगळं परत आणता आलं. सकाळपासूनचं मात्र पावत्यांच्या कार्बन कॉपीवरून पुन्हा टाईप करावं लागणार होतं. तोवर हातानं पावत्या फाडा आणि वजनं चालू ठेवा, असं मी गायकवाड सरांना सांगितलं. त्यांना ते पटलं, पण वरून परवानगी हवी होती. साहेब, म्हणजे कारखान्याचे कार्यकारी संचालक, पुण्याला मीटिंगला गेले होते. परवानगी येईपर्यंत दुपार झाली. आवारातल्या ट्रॅक्टरांची रांग गेटच्या बाहेर, कालव्याच्या पुलापर्यंत गेली. मिलला ऊस पुरवणाऱ्या गव्हाणीतला ऊस संपला.

आणि मग ती घरघर थांबली.

हंगामात कारखाना बंद पडला की काय होतं ते मला आधी माहीत नव्हतं. माणसं खोल्यांतून बाहेर येऊन चिमणीकडं बघायला लागली. कॅन्टीनवाल्यानं स्टोव्ह बंद केला. कुणी मोठ्यानं बोलेना. बैलगाडीतल्या एका बाईच्या कडेवरचं पोर रडत होतं, ते काचेच्या खोलीत ऐकू आलं. माझ्या तळव्यांना काही लागेना. जमीन काढून घेतल्यासारखं वाटलं.

मी आणि सुनंदा कार्बन कॉप्या घेऊन बसलो. ती आकडे वाचायची, मी टाईप करायची. दिवस मावळला तेव्हा तिनं पाण्याचा पेला पुढं केला. खजूर आणायचं भान कुणाला नव्हतं. विश्वास कधी निघून गेला ते आम्हाला कळलं नाही.

“उद्या साहेब विचारतील,” सुनंदा म्हणाली. “म्या सांगते, कुणी केलं ते. तू गप ऱ्हा. तू सांगितलं तर म्हणतील आपल्यावरचं दुसऱ्यावर ढकलतीया. म्या सांगते.”

हे तिचे शब्द आहेत. मी त्यात काही भर घातलेली नाही.

आम्ही खुटबावला पोचलो तर ओसरीवर कारखान्याच्या शेतकी खात्यातला माणूस बसला होता. कुणाचा ऊस कधी तोडायचा, टोळी कुणाच्या शेतात आधी उतरवायची, ते याच्या हातात. आप्पांचा ऊस तुरे येऊन उभा होता, दिवसागणिक वजन घटत होतं, टोळी येत्या आठवड्यात मिळणार होती. तो माणूस चहा पीत होता. कारखान्यात काय झालं याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. मावशींना शेवंतीचा भाव विचारला. सुनंदाला म्हणाला, दमलीस बाई. मग उठताना आप्पांना म्हणाला, “तुमची टोळी सोमवारीच लावायची म्हणतोय. तेवढा वरून निरोप यायचा ऱ्हायलाय.”

आप्पा त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर ते कुणाकडं बघेनात. मावशींनी ताटं वाढली. सुनंदानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. त्या घरात त्या संध्याकाळी प्रत्येकाला सगळं कळलं होतं, मलाही. तरी मी स्वतःला समजावत होते की सुनंदा बोलेल. खजूर ठेवणारी मुलगी आहे, बोलेल.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेब, गायकवाड सर, विश्वास, मी, सुनंदा. सगळ्यांना खुर्च्या होत्या. चहा आला. विश्वास म्हणाला, फायली काढायचं काम नसीम मॅडमकडं असतं, मी मधे पडत नाही. हे तो अगदी सहज म्हणाला, माझ्याकडं न बघता, पण न बघायचा प्रयत्न दिसू न देता. साहेबांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. काय झालं तेही सांगितलं, कागदावर लिहून दाखवलं, ही चांदणी, हे टिंब, आणि मधली ही जागा.

साहेबांनी कागद उचलला.

“रिकामी जागा,” ते म्हणाले. “एवढ्या मोठ्या कारखान्याची मिल रिकाम्या जागेनं थांबली, असं मी मंडळाला सांगू?”

मी म्हटलं, खरं तेच आहे.

मग त्यांनी सुनंदाला विचारलं, तू शेजारी होतीस, तेव्हा खुर्चीवर कोण होतं. सुनंदानं ओढून घेतलेला पदर बोटाला गुंडाळला होता. ती म्हणाली, “म्या पावत्या लावत होते साहेब. मान खाली होती. माजं ध्यान न्हवतं.”

गायकवाड सरांना तो हुकूम कळत होता, मशीनही कळत होतं, आणि मी कुठल्या काट्यावर गेले होते तेही ठाऊक होतं. फोन त्यांनीच घेऊन मला दिला होता. त्यांनी खिशातली गोळी काढली आणि चहाबरोबर घेतली.

मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. रागावून नाही. साहेब म्हणाले, तुमचं वय लहान आहे, कुठंही काम मिळेल. हंगामापुरती नेमणूक होती, हंगाम संपायच्या आधी संपली, एवढंच.

अब्बांना निरोप गेला. आप्पांनी मला मोपेडवरून चौफुल्याला सोडलं. माझी बॅग त्यांनी पुढं पायांत धरली होती. एसटी येईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, “पोरी, ऊस तुटू दे. मग म्या सोता जाऊन साहेबास्नी सांगतो.”

ऊस तुटला असणार. त्या वर्षीचा, त्याच्या पुढच्या वर्षीचा, आणि त्यानंतरचे सगळे. आप्पा गेले की नाहीत ते मला कुणी कळवलं नाही.

अब्बा शिरूरच्या स्टँडवर आले होते. गळ्यात मापाचा टेप तसाच लोंबत होता, दुकानातून उठून आले होते. त्यांनी एकच विचारलं, तू केलंस का. मी नाही म्हटलं. त्यांनी बॅग घेतली. रस्त्यात कुणीतरी विचारलं, पोरगी आली का सुट्टीला, तर ते हो म्हणाले. ईद जवळ आली होती, दुकानात कपड्यांचा ढीग होता. मी काज-बटणं करायला बसले. त्या ईदला मी शिवलेली बटणं शिरूरमधल्या किती पोरांच्या छातीवर होती कोण जाणे. सुई बोटात टोचली की बरं वाटायचं. रडायला कारण मिळायचं.

गोष्ट दौंडहून शिरूरला पोचायला वेळ लागला नाही. कारखाना बंद पाडणारी पोरगी. एका ठिकाणी मुलाखतीला गेले तर समोरचा माणूस हसत म्हणाला, आमचं मशीन बंद नाही ना पाडणार. मीही हसले. हसावं लागतं. पुढं रांजणगावची एमआयडीसी भरत गेली, बाहेरगावची माणसं आली, त्यांना ती गोष्ट माहीत नव्हती. परक्यांमध्ये मला काम मिळालं. कारेगावात खोली घेतली, अब्बांना दर रविवारी भेटते. मशीनं बदलली, पडदे रंगीत झाले. पण आमच्या कंपनीच्या स्टोअरमधल्या सर्व्हरवर अजून तोच डॉलर आहे. आता शेल सगळे हुकूम लक्षात ठेवतं. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागचं एकेक पुढं येतं. नव्या मुलांना त्याचं काही वाटत नाही. मी कधीकधी नुसतीच ते बटण दाबत बसते.

दोन हंगामांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावरचा फोन वाजला. दौंडकडचा नंबर होता. मी उचलला.

“नसीम, म्या सुनंदा बोलतीया. खुटबावची.”

नंबर तिला अब्बांनी दिला होता. कोण, काय, त्यांनी काही विचारलं नसणार. सुनंदा भराभर बोलत होती. ती अजून तिथंच होती, कायम झाली होती. खालच्या काट्यावरचा प्रोग्राम मधेच बंद पडला होता आणि तेव्हापासून टर्मिनलवर काही उमटतच नव्हतं. अक्षर दाबलं तरी दिसत नाही, एन्टर दाबलं तरी पुढं जात नाही. टर्मिनल बंद-चालू करून झालं. मुख्य मशीन बंद करायची कुणाची हिंमत नव्हती. कंपनीचा इंजिनियर पुण्याहून निघाला होता. रांग गेटच्या बाहेर गेली होती.

काय झालंय ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं. प्रोग्राम मधेच मेला की टर्मिनलला तो आंधळं-बहिरं करून जातो. शेल जिवंत असतं, ऐकत असतं, फक्त तुम्ही लिहिलेलं तुम्हाला दाखवत नाही.

मी म्हटलं, जे सांगते ते टाईप कर. दिसणार नाही. तरी कर. आधी कंट्रोल आणि जे. मग एस, टी, टी, वाय. मग एक जागा सोड.

ती थांबली. “जागा सोडू?”

“सोड. इथं सोडायची असते.”

मग एस, ए, एन, ई. पुन्हा कंट्रोल आणि जे. फोनमधून तिच्या बोटांचा आवाज येत होता. मागं माणसांचा गलका होता, ट्रॅक्टर गुरगुरत होते. मग ती म्हणाली, आलं, डॉलर आला. मागं कुणीतरी टाळी वाजवली.

मी फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. मला वाटलं, आता ती बोलेल. ती बोलली नाही म्हणून मी बोलले. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं, पण तोंडातून अगदी साधं निघालं.

“सुनंदा, त्या दिवशी तुला दिसलं होतं ना?”

पलीकडं एक पुरुषाचा आवाज आला. झालं का, विचारत होता. आवाज जाडसर झाला होता, पण त्यातलं हसू मी ओळखलं. विश्वास तिथला मॅनेजर झाल्याचं मला कुणाकडून तरी कळलं होतं.

“हो मॅडम,” सुनंदा म्हणाली. तिचा आवाज एकदम ऑफिसचा झाला. “काम झालं मॅडम. खूप खूप धन्यवाद.”

आणि फोन बंद झाला.

तो ‘हो’ कशाचा होता, याचा मी नंतर फार विचार केला नाही. विचार करायला बसले असते तर स्वतःच्या सोयीचा अर्थ काढला असता. मी उलटा फोनही केला नाही. तिचाही पुन्हा आला नाही.

राग मला तिचा आला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. राग आला तो मीच सांगितलेल्या हुकमाचा. त्या माणसांची मिल थांबली असती तर माझं काय गेलं असतं. पण अडलेलं शेल समोर आलं की माझी जीभ आपोआप उत्तर देते. तेवढं एक मला येतं. त्यांना ते माहीत होतं.

समोरच्या टेबलावर स्टोअरचे मिश्राजी डबा उघडून बसले होते. बिहारचे, चांगला माणूस, रोज माझ्यासमोर बसतात. त्यांनी विचारलं, किसका फोन था मॅडम. मी म्हटलं, जुन्या कारखान्यातून. ते म्हणाले, अच्छा, वहाँ काम किया था आपने? छोड़ क्यों दिया?

तोवर हे मला अनेकांनी विचारलं होतं. मुलाखतीत, लग्नाच्या बोलण्यात, बसमध्ये. मी दरवेळी सांगत आले, घरची अडचण होती, लांब पडत होतं. त्या दुपारी मला दुसरं काही सुचलं नाही.

“छोडा नहीं था,” मी म्हटलं. “निकाला था. जो मैंने किया नहीं, उसके लिए.”

मिश्राजींनी माझ्याकडं बघितलं. अच्छा, असं म्हणाले. मग डब्यातलं लोणचं माझ्याकडं सरकवलं आणि दुपारच्या ट्रकची वेळ विचारली.